हुतूतूचे अंगण आणि प्रक्षेपणाचे मोल

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कात्रज व खेड-शिवापूर मागे पडल्यावर भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक हे गाव महामार्गावर लागते. हा महामार्ग कबड्डीच्या इतिहासाची दोन टोके एकमेकांस जोडतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दक्षिणेकडील टोकास सातारा आहे. हुतूतूच्या गावोगावच्या भिन्न रीतींना एकसूत्री नियमांत बसविण्याचा आरंभीचा प्रयत्न १९१८ मध्ये झाला, त्याचे श्रेय साताऱ्याच्या क्रीडाप्रेमींकडे जाते. उत्तरेस, याच महामार्गाच्या बाह्यवळणालगत, बालेवाडीचे श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. प्रो कबड्डी लीगचे सामने तेथे झगमगत्या दिव्यांखाली, चटईवर आणि अनेक कॅमेऱ्यांसमोर खेळले गेले आहेत. या दोन टोकांमधील गावांत जत्रेच्या निमित्ताने आखले जाणारे मातीचे अंगण आणि बालेवाडीची चटई यांत खेळ एकच आहे काय, आणि असल्यास त्याचा धनी कोण, हा प्रश्न २०१४ नंतरच्या घडामोडींनी उभा केला आहे.

या प्रश्नाकडे पाहताना गतकाळाविषयीच्या हळहळीला थारा देणे योग्य होणार नाही. हुतूतू हा खेळ पूर्वी स्थिर होता आणि पुढे दूरचित्रवाणीने तो बिघडविला, असे म्हणण्यास इतिहासाचा आधार नाही. संजीवनी, गामिनी आणि अमर असे या खेळाचे तीन प्रकार महाराष्ट्रात खेळले जात. गामिनीत बाद झालेला गडी परत येत नसे. एक बाजू संपूर्ण बाद होईपर्यंत डाव चाले आणि त्यास घड्याळाचे बंधन नसे. अमरमध्ये बाद गडी अंगण सोडीतच नसे, केवळ गुण मोजला जाई. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा जिवंत होई. नियमन करणाऱ्या संघटनांनी यांतील संजीवनी उचलली, तिला वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांची चौकट दिली, आणि उरलेले दोन प्रकार हळूहळू मागे पडले. खेळाला घड्याळ लावण्याचे काम अशा रीतीने प्रक्षेपण-कंपन्यांच्या कितीतरी आधी, खेळावर निस्सीम प्रेम करणाऱ्या माणसांनीच केले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय सामने भरविले, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचे स्थान लाभले. या प्रत्येक पायरीवर खेळ बदलला. मात्र बदल करणारा आणि खेळणारा यांच्यात फार अंतर नव्हते. नियम ठरविणारे बहुधा स्वतः अंगणात उतरलेले असत.

२०१४ मध्ये हे अंतर पडले. त्या वर्षी २६ जुलै रोजी आठ संघांनिशी प्रो कबड्डी लीगचा आरंभ झाला. मशाल स्पोर्ट्स या कंपनीने महासंघाच्या मान्यतेने ती उभारली होती. पहिल्याच हंगामात सुमारे ४३ कोटी प्रेक्षकांनी ती पाहिल्याचे आकडे प्रसिद्ध झाले आणि अनेक जाणकार चकित झाले. चकित होण्याचे तसे कारण नव्हते. तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद असे हे अंगण एका चौकटीत सबंध मावते. एक चढाई तीस सेकंदांत संपते. तिला आरंभ, उत्कर्ष आणि अंत असतो. सामना तासाभरात आटोपतो. क्रिकेटच्या प्रक्षेपणात चेंडूच्या मागे धावण्यातच कॅमेऱ्याची निम्मी शक्ती खर्ची पडते, तशी धावपळ येथे नाही. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर स्थल, काल आणि कृती यांची एकता हुतूतूमध्ये उपजतच आहे. लीगने या उपजत गुणाला आणखी धार लावली. सलग दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसरीत गुण मिळविलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारा बाद. अंगणात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता त्यांनी पकड साधली तर एक अधिक गुण. पहिल्या नियमाने रेंगाळणे बंद झाले, दुसऱ्याने हरणाऱ्या बाजूस आशेची जागा मिळाली. रचनेच्या दृष्टीने पाहता हे दोन्ही नियम उत्तम आहेत, हे मान्य करावे लागते.

गुंतागुंत आहे ती मालकीची. २०१५ मध्ये स्टार इंडिया या प्रक्षेपण-कंपनीने मशाल स्पोर्ट्समधील ७४ टक्के हिस्सा विकत घेतला. म्हणजे सामने भरविणारा आणि ते दाखविण्याचा हक्क विकत घेणारा हे एकाच घराचे झाले. पुढे २०२१ मध्ये पाच हंगामांच्या प्रक्षेपण-हक्कांचा लिलाव झाला आणि ते हक्क स्टारकडेच सुमारे ९०८ कोटी रुपयांना राहिले. क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. दोन्ही रकमांत पन्नास पटींहून अधिक तफावत आहे. पण तफावतीपेक्षा रचनेतील भेद अधिक बोलका आहे. क्रिकेटची ती लीग नियामक मंडळाच्याच मालकीची असल्याने तिच्या उत्पन्नाचा काही अंश राज्य-संघटनांपर्यंत झिरपतो. तो तेथे कसा खर्च होतो हा वेगळा, आणि काहीसा कष्टदायक, विषय आहे. कबड्डीत महासंघ मान्यता देणारा आणि कंपनी मालक, अशी वाटणी झाली. महासंघाच्या अंगी या वाटणीत ताठ उभे राहण्याचे बळ होते असेही दिसत नाही: २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या पदाधिकाऱ्यांच्या नेमणुका रद्द ठरवून कारभार प्रशासकाच्या हाती सोपविला.

अशा मालकीतून विस्तार कसा जन्म घेतो, हे २०१७ च्या पाचव्या हंगामात स्पष्ट झाले. आठ संघांचे बारा झाले. गुजरात, उत्तर प्रदेश, हरियाणा व तमिळनाडू या प्रांतांच्या नावाने चार नवे संघ आले. साठ सामन्यांचे १३८ झाले आणि पाच आठवड्यांचा हंगाम तीन महिन्यांवर गेला. कबड्डीतील गुणवत्ता एका वर्षात दीडपट वाढली होती म्हणून हे घडले असे कोणी म्हणणार नाही. नवा संघ म्हणजे नव्या प्रांताचा प्रेक्षक. अधिक सामने म्हणजे जाहिरातीस अधिक वेळ. आणि या दोहोंची बेरीज म्हणजे हक्कांची वाढती किंमत. नकाशावर कोठे खेळ रुजला आहे यापेक्षा कोठे प्रेक्षक मोजता येतो, या हिशेबाला महत्त्व आले.

हाच हिशेब अमेरिकेतील विद्यापीठांनी अधिक मोठ्या प्रमाणावर करून दाखविला आहे, आणि तेथील उदाहरण विद्यापीठीय वाचकास विशेष विचारात पाडणारे आहे. तेथे महाविद्यालयीन फुटबॉलचे सामने शेजारच्या विद्यापीठांच्या संघटनांतून, म्हणजे ‘कॉन्फरन्स’मधून, खेळले जात. दूरचित्रवाणीवर किती सामने दाखवायचे यावर त्यांच्या राष्ट्रीय संस्थेचे नियंत्रण होते. १९८४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाशी संबंधित खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे नियंत्रण बेकायदा ठरविले आणि करार करण्याची सत्ता कॉन्फरन्सकडे व विद्यापीठांकडे गेली. त्यानंतर शेजार हा निकष उरला नाही. ‘बिग टेन’ म्हणजे मोठे दहा, असे नाव मिरविणाऱ्या कॉन्फरन्समध्ये २०२४ पासून अठरा सदस्य आहेत, आणि त्यांत पॅसिफिक किनाऱ्यावरील लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठेही आहेत. त्याच वर्षी स्टॅनफर्ड व बर्कली ही कॅलिफोर्नियातील विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या कॉन्फरन्समध्ये दाखल झाली. भूगोलाच्या प्राध्यापकांनी त्यावर काय म्हटले असेल कोणास ठाऊक! ज्या पॅसिफिक कॉन्फरन्समधून ही विद्यापीठे बाहेर पडली, तिच्यात बारांपैकी दोनच सदस्य मागे उरले: ओरेगन व वॉशिंग्टन या प्रांतांची राज्य विद्यापीठे. त्यांचे संघ दुबळे होते असे नव्हे. त्यांच्या भोवतालच्या वस्तीत दूरचित्रवाणीच्या हिशेबास पुरेशी घरे नव्हती.

या दोन घटनांत साम्य आहे, तसा भेदही. अमेरिकेतील विद्यापीठे या व्यवहाराचे पक्षकार आहेत. त्यांनी काय गमावले व काय मिळविले याचा जाब त्यांना विचारता येतो. भारतीय विद्यापीठांच्या आंतरविद्यापीठीय कबड्डी स्पर्धा अजूनही पश्चिम, उत्तर, दक्षिण, पूर्व अशा विभागांनी भरतात. शेजार हाच त्यांचा पाया आहे. तो टिकला याचे कारण तत्त्वनिष्ठा नसून त्या स्पर्धांना बाजारात किंमत नाही, हे आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील खेळाडू मातीवर घडतो, विभागीय सामन्यात उतरतो आणि तेथून लिलावाच्या यादीत पोचला तर पोचतो. त्याला घडविणाऱ्या महाविद्यालयाचे, गावच्या मंडळाचे किंवा शिक्षकाचे नाव त्या यादीच्या हिशेबात कोठेही येत नाही.

खेळाडूच्या पदरात काय पडले, हे मात्र मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. पहिल्या लिलावात २०१४ साली सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी ती २ कोटी ६० लाखांवर गेली. रेल्वे, पोलीस दल किंवा बँक यांतील नोकरी हेच ज्या खेळाडूंच्या महत्त्वाकांक्षेचे शिखर होते, त्यांना ही रक्कम स्वप्नवत वाटल्यास नवल नाही. माती सुटली म्हणून हळहळणाऱ्या टीकाकाराने ही बाब नजरेआड करणे हे त्या खेळाडूंवर अन्याय करणारे आहे.

पण विस्ताराची खरी परीक्षा याच ठिकाणी होते, आणि तीत तो उणा पडतो. २०१६ मध्ये लीगच्या चौथ्या हंगामासोबत महिलांची एक छोटी स्पर्धा घेण्यात आली. फायर बर्ड्स, आइस दिवाज व स्टॉर्म क्वीन्स असे तीन संघ होते. त्यांना कोणत्याही शहराचे नाव नव्हते. आइस दिवाजचे नेतृत्व महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे यांच्याकडे होते. २०१२ मध्ये पाटण्यास झालेली महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय संघात त्या होत्या आणि २०१५ चा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळालेला होता. महिलांच्या कबड्डीत महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. प्रेक्षक मिळणार नाही असे मानण्यास जागा नव्हती. पुढच्याच वर्षी विस्ताराचा निर्णय झाला तेव्हा पुरुषांचे चार संघ वाढले, आणि महिलांची ती स्पर्धा पुन्हा भरली नाही. विस्तार हा खेळाचा असता तर तो प्रथम याच दिशेने झाला असता.

भाषेच्या अंगानेही एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेटचे मराठी समालोचन केले तेव्हा परक्या खेळासाठी मराठी शब्द शोधण्याची कसरत त्यांना करावी लागली. कबड्डीच्या बाबतीत शब्द तयारच होते: चढाई, पकड, दम, निदान रेषा, लोण. पडद्यावर मात्र ते ‘रेड’, ‘टॅकल’ आणि ‘ऑल आउट’ या रूपांनी येतात. यांतील लोण हा शब्द आट्यापाट्यांतूनही परिचित आहे आणि त्याने खेळाबाहेर पडून भाषेत घर केले आहे. एखाद्या चळवळीचे लोण खेड्यापाड्यांत पोचले, असे आजही सहज लिहिले जाते. ‘ऑल आउट’ने सात गडी बाद झाल्याचे कळते, पण प्रतिपक्षावर काहीतरी चढले, ते आता परतवायचे आहे, हा भाव त्यात उतरत नाही. क्रिकेटमधून उसना आणलेला हा शब्द कबड्डीवर चढविताना, तेथे डाव संपतो आणि येथे सातही गडी पुन्हा उभे राहतात, हा मूळचा भेदच पुसला गेला.

शहरांच्या नावांचे काय होते, हे २०२१-२२ च्या हंगामात दिसले. साथीच्या काळात सर्व बारा संघ बंगळुरातील एकाच ठिकाणी, प्रेक्षकांवाचून खेळले. पुण्याचा संघ पुण्यात नव्हता, पाटण्याचा पाटण्यात नव्हता, तरी स्पर्धा सुरळीत पार पडली आणि घरोघरी पाहिलीही गेली. प्रक्षेपणास अंगण पुरे असते, गाव लागत नाही, हे त्या हंगामाने योजना नसताना सिद्ध केले. तरीही हा निष्कर्ष पूर्णतः खरा मानता येत नाही. दोनच वर्षांनी, १ मार्च २०२४ रोजी, पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळविले. त्या संघात इराणचा मोहम्मदरेझा शादलू होता, त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाखांची बोली लागली होती. पण कर्णधार होता अहमदनगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार, आणि त्याच्या सोबतीला पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत ही महाराष्ट्राच्या मातीवर घडलेली मुले होती. लिलावाच्या हिशेबातून वगळलेले गाव असे संघाच्या यादीतून परत आले. सामना झाला तो मात्र हैदराबादला.