आज्ञावलीचे वाचन : कनूथ–मॅकिलरॉय समीक्षाप्रसंग आणि शेल-लेखनाचे अध्यापन

प्रास्ताविक

सर्व्हरचे व्यवस्थापन आणि शेल स्क्रिप्टचे लेखन हे विषय संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत साधारणतः कौशल्य म्हणून शिकविले जातात. त्यांतील मजकुराकडे संहिता म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. वस्तुतः शेलमधील प्रत्येक ओळ कोणीतरी, कोणासाठी तरी, काही गोष्टी गृहीत धरून लिहिलेली असते. ही संहिता कोणत्या वाचकाला उद्देशून आहे, ती काय सांगते आणि काय न सांगता गृहीत धरते, हे साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असलेले प्रश्न तिलाही विचारता येतात. शेलमधील संक्षिप्त लेखन विश्वासार्ह ठरण्यासाठी त्यामागील गृहीतके उघड सांगितली जाणे आवश्यक आहे, हे १९८६ मधील एका प्रसिद्ध समीक्षेच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

समीक्षाप्रसंगाचे स्वरूप

‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात जॉन बेंटले ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ हे सदर चालवीत असत. डोनाल्ड कनूथ यांनी ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ ही कल्पना मांडली होती. आज्ञावली माणसाने वाचावयाच्या निबंधाप्रमाणे लिहावी आणि तिचे स्पष्टीकरण तिच्यातच गुंफावे, असा तिचा आशय होता. या पद्धतीचे प्रात्यक्षिक म्हणून बेंटले यांनी कनूथ यांच्याकडून एक आज्ञावली लिहवून घेतली. दिलेल्या मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द शोधून त्यांची उतरत्या क्रमाने यादी करावयाची, एवढीच समस्या होती. कनूथ यांची कित्येक पानांची संहिता जून १९८६ च्या अंकात प्रसिद्ध झाली आणि तिच्यासोबत डग्लस मॅकिलरॉय यांची समीक्षाही छापली गेली.

मॅकिलरॉय हे बेल लॅबोरेटरीजमधील संशोधक. एका आज्ञेचे फलित थेट दुसरीच्या हाती देणाऱ्या ‘पाइप’ची कल्पना त्यांचीच; केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये उतरविली. मॅकिलरॉय यांनी कनूथ यांच्या लेखनपद्धतीची आणि विदारचनेची प्रशंसा केली. मात्र ही कृती रत्नजडित वस्तुसंग्रहालयीन नमुन्यासारखी आहे, असा अभिप्रायही दिला. तेच काम करणारी सहा ओळींची शेल-पाइपलाइन त्यांनी समीक्षेतच लिहून दाखविली.

सहा ओळींचे अंतरंग

या सहा ओळींची रचना मुळातून पाहण्यासारखी आहे. पहिली ओळ ‘टीआर’ या आज्ञेने रोमन अक्षरे वगळता इतर सर्व चिन्हांच्या जागी नवी ओळ घालते. त्यामुळे प्रत्येक शब्द स्वतंत्र ओळीवर येतो. दुसरी मोठ्या लिपीतील अक्षरे लहान करते. तिसरी ‘सॉर्ट’ने शब्द क्रमाने लावते. चौथी ‘युनिक’ने सारख्या ओळी एकत्र करून त्यांची संख्या मोजते. पाचवी त्या संख्येनुसार उतरता क्रम लावते आणि सहावी ‘सेड’ हव्या तितक्या ओळी देऊन थांबते.

नवशिक्या विद्यार्थ्याला येथे हमखास पडणारा प्रश्न असा की, मोजण्यापूर्वी क्रम लावण्याची गरज काय? ‘युनिक’ केवळ लगतच्या ओळींची तुलना करते. दूर असलेले सारखे शब्द तिला दिसत नाहीत, हे त्याचे उत्तर. दुसरा प्रश्न पाचव्या ओळीतील ‘एन’ या पर्यायाचा. तो नसेल तर तुलना अंकमूल्यानुसार होईलच याची हमी राहत नाही, आणि ९ हा आकडा १० पेक्षा मोठ्या स्थानी बसू शकतो. सर्व्हरच्या लॉगमधून कोणत्या पत्त्यावरून सर्वाधिक विनंत्या आल्या हे शोधताना व्यवस्थापक आजही क्रम, मोजणी आणि पुन्हा क्रम हीच साखळी वापरतो. मॅकिलरॉय यांच्या मांडणीचे सामर्थ्य या पुनर्वापरात आहे.

उत्तरकाळात हा प्रसंग सहा ओळींनी कित्येक पानांवर मिळविलेला विजय म्हणून सांगितला जातो. हे वाचन दोन कारणांनी अपुरे ठरते. एक, कनूथ यांच्यावर सोपविलेले काम लेखनपद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविण्याचे होते. सर्वांत लहान उत्तर देण्याची स्पर्धा तेथे नव्हती. दोन, युनिक्सशी अपरिचित वाचकासाठी मॅकिलरॉय यांनी पाइपलाइनपाठोपाठ प्रत्येक ओळीचे कार्य सांगितले होते. म्हणजे सर्वांत संक्षिप्त संहितेलाही भाष्याची जोड तिच्या कर्त्यानेच दिली होती. लोकस्मृतीत सहा ओळी उरल्या आणि भाष्य गळून पडले.

मराठी मजकुराची कसोटी

गळालेल्या भाष्याची किंमत मराठी मजकूर दिल्यावर कळते. केवळ देवनागरीतील मजकूर या पाइपलाइनला दिला असता एकही शब्द मोजला जात नाही. रोमन नसलेले सर्व काही पहिल्याच ओळीत पुसले जाते आणि शेवटी एका रिकाम्या ओळीपुढे १ हा आकडा उमटतो. त्रुटीचा संदेश येत नाही. शेलच्या दृष्टीने काम यथासांग पार पडलेले असते. ‘शब्द म्हणजे रोमन अक्षरांची सलग मालिका’ हे गृहीतक इंग्रजी मजकुरापुरते सोयीचे होते. ते सार्वत्रिक नव्हते.

केवळ अक्षरांची व्याप्ती वाढवूनही प्रश्न सुटत नाही. युनिकोडमध्ये मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षरे नसून ‘चिन्हे’ या वेगळ्या वर्गात मोडतात. फक्त अक्षरे राखणारा नियम लावल्यास ‘किनारा’ हा शब्द क, न आणि र असा विखुरतो. त्याहून सूक्ष्म अडचण ‘दऱ्या’सारख्या शब्दाची. त्यातील अर्धा र स्वतंत्र ऱ या वर्णाने लिहिता येतो, तसाच र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. ‘युनिक’ मात्र त्यांना दोन निराळे शब्द मानते. शब्दवारंवारितेवर आधारलेल्या भाषाविषयक संशोधनात ही बाब निष्कर्षच बदलू शकते.

भीती आणि भाष्य

सर्व्हर व न्यासाच्या सुरक्षिततेबाबत हाच मुद्दा अधिक गंभीर होतो. जानेवारी २०१५ मध्ये ‘स्टीम’ या खेळ-वितरण प्रणालीच्या लिनक्स आवृत्तीतील एका शेल स्क्रिप्टचा दोष उजेडात आला. एका व्हेरिएबलमध्ये स्थापनेच्या निर्देशिकेचा मार्ग ठेवून त्याखालील सर्व काही पुसण्याची ओळ तीत होती. विशिष्ट परिस्थितीत ते व्हेरिएबल रिकामे राही, आणि मग पुसण्याची आज्ञा मूळ निर्देशिकेपासून लागू होऊन वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइली नष्ट होत. समीक्षकाने लक्ष द्यावे अशी गोष्ट त्या ओळीवरील टिप्पणीत आहे : लेखकाने तेथे ती भीतिदायक असल्याचे एका शब्दात नोंदविले होते. धोक्याची जाणीव होती. धोका कोणत्या गृहीतकात आहे हे लिहिलेले नव्हते आणि तपासलेलेही नव्हते.

अनुभवी व्यवस्थापक येथे ‘सेट’ आज्ञेच्या ‘यू’ पर्यायाची शिफारस करील. तो पर्याय अस्तित्वात नसलेल्या व्हेरिएबलला अडवितो; अस्तित्वात असलेल्या पण रिकाम्या व्हेरिएबलला अडवीत नाही. व्हेरिएबलच्या नावानंतर विसर्गासारखे दोन बिंदू आणि प्रश्नचिन्ह घातल्यास मात्र ते रिकामे असताना स्क्रिप्ट तेथेच थांबते. येथे दोन चिन्हे एका पूर्ण वाक्याचे काम करतात : ‘हे मूल्य रिकामे नसेल असे मी धरले आहे, असल्यास पुढे जाऊ नये.’ कनूथ यांना अपेक्षित असलेले स्पष्टीकरण आणि मॅकिलरॉय यांची मितभाषिता येथे एकत्र नांदतात.

अध्यापनाच्या दृष्टीने

प्रात्यक्षिक वहीत आज्ञा, पर्याय आणि फलित एवढेच नोंदविण्याचा प्रघात आहे. त्यात ‘गृहीतक’ असा चौथा रकाना जोडावा, असे येथे सुचवावेसे वाटते. मॅकिलरॉय यांची पाइपलाइन विद्यार्थ्यांनी आधी इंग्रजी, मग मराठी मजकुरावर चालवावी आणि फलितातील फरकाचे कारण ओळीनिशी लिहावे. या स्वाध्यायात मराठी विभागाचा सहभागही उपयुक्त ठरेल, कारण शब्द कशाला म्हणावे हा प्रश्न मुळात भाषेचा आहे. पुसण्याच्या आज्ञेबाबत तर मार्ग रिकामा असल्यास, त्यात मोकळी जागा असल्यास काय होईल, याचे उत्तर लिहिल्याशिवाय ती चालवू देऊ नये.

समारोप

कनूथ आणि मॅकिलरॉय यांच्या संहिता परस्परविरोधी म्हणून वाचण्याची रूढी पडली असली, तरी दोघांनीही वाचकाला विश्वासात घेतले होते. तयार ओळ उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हा विश्वास येत नाही. अशी ओळ त्याच्या हाती देताना ती कोणत्या अटीवर खरी ठरते हे सांगणे, ही अध्यापकाची जबाबदारी ठरते.