गाण्याला खोली लागते

नवीन गाण्याची लिंक पुढे पाठवताना सोबत दोन शब्द हमखास येतात: 'इंडिपेंडंट आहे'. म्हणजे मागे मोठी कंपनी नाही, सिनेमा नाही. पोरांनी स्वतः लिहिलं, स्वतः रेकॉर्ड केलं, स्वतः चढवलं. ऐकण्याआधीच आपल्या मनात त्या गाण्याबद्दल थोडी माया तयार होते. परीक्षणं लिहिणारेही या मायेतून सुटलेले नाहीत. पैसे कुठून आले नाहीत, एवढ्यावरच ते निम्मे गुण देऊन टाकतात.

पण ही सगळी माहिती हिशेबाच्या वहीतली आहे, गाण्याबद्दल ती काहीच सांगत नाही. कुठल्याही कंपनीचा हात न लागलेलं गाणं रटाळ असू शकतं, आणि कंपनीच्या शिक्क्यासह आलेलं गाणं कुणालाही न जुमानणारं असू शकतं. मग 'स्वतंत्र' हा शब्द संगीताच्या समीक्षेत नेमका कशासाठी वापरायचा? माझ्यापुरती कसोटी एकच आहे: ते स्वातंत्र्य गाण्यात ऐकू येतं का? येत असेल, तर ते कुठून आलं?

हे तपासायला 'इंडियन ओशन' हा दिल्लीचा बँड फार उपयोगी पडतो, कारण त्याची गोष्ट आपल्या सोयीच्या साच्यात बसत नाही.

१९९० मध्ये हा बँड उभा राहिला. सुश्मित सेन गिटारवर, असीम चक्रवर्ती तबल्यावर आणि गाण्यात. पुढे राहुल राम बेस गिटार घेऊन आला, मग अमित किलम ड्रम्सवर. पहिला अल्बम १९९३ मध्ये एचएमव्हीने काढला. दुसरा 'डेझर्ट रेन' हा १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत 'सहमत'च्या कार्यक्रमात, सफदर हाश्मीच्या स्मरणार्थ वाजवलेल्या मैफिलीचं रेकॉर्डिंग. २००० मध्ये 'कंदिसा' आला, २००३ मध्ये 'झीनी'. आणि २०१० मध्ये '१६/३३०, खजूर रोड'. हा अल्बम बँडने कुठल्याही कंपनीला न देता स्वतःच्या वेबसाइटवर ठेवला. महिन्याला एक गाणं, फुकट. एकूण सात गाणी.

आता सोयीची गोष्ट अशी सांगता येईल: आधी बँड कंपन्यांच्या तावडीत होता, मग २०१० मध्ये सुटला आणि खरा स्वतंत्र झाला. ऐकायला छान वाटते. पण गाणी ऐकली की ही गोष्ट कोलमडते.

'कंदिसा' घ्या. शीर्षकगीत म्हणजे केरळमधल्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतली अरामाईक भाषेतली प्रार्थना. दिल्लीतल्या श्रोत्याला त्यातला एकही शब्द कळण्याचं कारण नाही. गाणं घाई न करता उघडतं. आवाज एकमेकांवर हलकेच ठेवल्यासारखे येतात, वाद्यं आपापली जागा शोधत राहतात, आणि बऱ्याच वेळाने कळतं की आपण कधीचे एका मोठ्या लाटेवर आहोत. याच अल्बममधलं 'मा रेवा' नर्मदेचं. राहुल राम हा पर्यावरणातल्या विषांच्या अभ्यासात अमेरिकेतून पीएचडी करून आलेला माणूस, नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलेला. खोऱ्यात कानावर पडलेलं गाणं तो बँडमध्ये घेऊन आला. तिथे त्याला बेस मिळाला, अमितच्या गाबगुबीसारख्या वाद्यांची सोबत मिळाली, पण गाण्याचं सामूहिकपण कुणी पुसलं नाही. आजही मैफिलीत ते समोरच्या गर्दीचंच गाणं होतं.

अनोळखी भाषा, नदीचं आंदोलन, सहा-सात मिनिटांची गाणी, सिनेमाचा आधार नाही. यापेक्षा 'इंडिपेंडंट' काय असणार? तरीही हा अल्बम टाइम्स म्युझिकने काढला, म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या माध्यमसमूहांपैकी एकाच्या कंपनीने.

उलट २०१० कडे बघा. एकीकडे बँड गाणी फुकट वाटत होता, आणि त्याच वर्षी त्याची गाणी 'पीपली लाइव्ह' या सिनेमात होती. त्याच्या संगीताचा अल्बम टी-सीरीजचा. फुकटच्या अल्बममधली नून मीम राशिद यांच्या कवितेवरची रचना या सिनेमातही आहे. तीच रचना एका दारातून स्वतंत्र आणि दुसऱ्या दारातून बाजाराची. तिच्यातला एक सूरही त्यामुळे इकडचा तिकडे होत नाही.

याचा अर्थ कंपनी असली काय, नसली काय, सगळं सारखंच, असा नाही. विक्रीचे हक्क कुणाकडे, पैसे किती आणि कधी मिळतात, जुन्या रेकॉर्डिंगचा मालक कोण, हे कलाकाराच्या पोटाचे प्रश्न आहेत आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण गाण्याचं स्वातंत्र्य विकण्याच्या टोकाला ठरत नाही. ते घडण्याच्या टोकाला ठरतं. 'कंदिसा' कंपनीच्या हातात गेला तेव्हा तो दहा वर्षं बँडच्या हातात राहून पक्का झाला होता. त्या दहा वर्षांत 'सुरुवात जरा लवकर करा' किंवा 'ही भाषा कुणाला कळणार?' असं म्हणणारं कुणी खोलीत बसलेलं नव्हतं.

खोली हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. '१६/३३०, खजूर रोड' हा पत्ता आहे. दिल्लीच्या करोल बागेतला एक जुना बंगला, जिथे हा बँड वर्षानुवर्षं सराव करत होता. लोक अल्बमला प्रेमाचं नाव देतात, बंडाचं देतात, स्वतःचं देतात. या चौघांनी सरावाच्या जागेचं दिलं. आपल्या स्वातंत्र्याचं मूळ कुठे आहे, हे त्यांना ठाऊक असावं.

अल्बम म्हणून तो 'कंदिसा'इतका एकसंध नाही, हे मान्य करायला हवं. 'कंदिसा'त एकच श्वास आहे. इथे सात गाणी सात दिशांना बघतात. महिन्याला एक अशी आल्यामुळे ती सुटी सुटीच मनात राहतात. 'चांद' तर बँडच्या मानाने हलकंफुलकं. पण या अल्बममध्ये असीम चक्रवर्तीचा आवाज आहे, आणि २५ डिसेंबर २००९ ला असीम गेला होता. पहिलं गाणं वेबसाइटवर आलं तेव्हा गाणारा या जगात नव्हता. तबला वाजवता वाजवता गाणारा हा माणूस. हात लयीत गुंतलेले असल्यामुळे त्याच्या गाण्यात नाटकीपणा नसे. शब्द लयीच्या बोटाला धरून चालल्यासारखे यायचे. महिन्याला एक या गतीने तो आवाज सात महिने लोकांपर्यंत पोहोचत राहिला. कुठल्याही कंपनीच्या वेळापत्रकात असा निरोप बसला नसता. इथे मात्र विकण्याच्या टोकाचं स्वातंत्र्यही गाण्याच्या कामी आलं.

पण 'फुकट द्या, लोक येतील' हा धडा यातून घेऊ नये. या बँडचं घर कार्यक्रमांवर चालत होतं, आणि फुकट गाणी त्या कार्यक्रमांना माणसं आणत होती. त्यामागे वीस वर्षांची गर्दी उभी होती. २००७ मध्ये इंग्लंडच्या रेडिओहेडने 'इन रेनबोज' काढला आणि श्रोत्यांना सांगितलं, वाटेल ती किंमत द्या. तेव्हा त्यांच्यामागेही ईएमआयसारख्या कंपनीबरोबरची अनेक वर्षं आणि जगभरचं नाव होतं. फुकट देणं ही चढून गेलेल्यांची गच्ची आहे. तिला जिन्याची पहिली पायरी म्हणून दाखवणं ही नव्या पोरांची फसवणूक आहे.

मग आज पहिल्या पायरीवर काय आहे?

रेकॉर्डिंग स्वस्त झालंय, हे खरं. लॅपटॉप, बरा माइक, उशा लावून आवाज अडवलेली खोली, एवढ्यावर गाणं होतं आणि रात्रीत जगभर जातं. एचएमव्हीच्या दारात उभं राहावं लागत नाही. ही किरकोळ गोष्ट नाही. खानदेशातली अहिराणी गाणी यूट्यूबवरून वरातीच्या डीजेपर्यंत पोहोचली, ती कुणा मुंबईच्या साहेबाला विचारून नव्हे.

पण दारातला साहेब गेला आणि खोलीत एक आकडा येऊन बसला. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं तरच ते 'ऐकलं' म्हणून मोजलं जातं. २०२४ पासून तर वर्षभरात १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला तिथे मानधनच मिळत नाही. रीलसाठी याहून छोटा तुकडा लागतो. आणि सतत काहीतरी चढवत राहिलं नाही, तर आपण दिसेनासे होऊ ही भीती वेगळीच. साहेब निदान गाणं झाल्यावर नकार देत होता. आकडा गाणं होत असतानाच कानाशी लागतो: सुरुवात उडव, ओळ आधी आण, नाचता येईल असा तुकडा ठेव. 'कंदिसा'ची पहिली ३० सेकंदं या परीक्षेत बसवून बघा. तिथे अजून काही घडलेलंच नसतं. ते घडू न देण्यातच त्या गाण्याची ताकद आहे.

जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये देशभर वाजलं. मराठी न कळणारी माणसं त्यावर नाचली. सिनेमाच्या कुबड्या न घेता मराठी गाणं इतकं लांब गेलं, याचा आनंद झालाच पाहिजे. नाक मुरडणाऱ्यांनी आधी आपले पाय ठेका धरतायत का ते बघावं. पण समीक्षेचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. बहुतेकांच्या लक्षात त्या गाण्याचा एक छोटा तुकडाच आहे. तो झकास आहे. मात्र त्यानंतर येणाऱ्या शेकडो गाण्यांमध्ये तुकडाच आधी येतो आणि उरलेलं गाणं त्याला चिकटवल्यासारखं वाटतं. ती गाणीही 'इंडिपेंडंट'च आहेत. फक्त त्यांची मोकळीक मला ऐकू येत नाही. ऐकू येते ती आज्ञाधारकता.

यावर उतारा गिटारवाल्यांकडेच असेल असं नाही. आपल्याकडे कंपनीविना गाण्याची परंपरा गिटारच्या कितीतरी आधीची आहे. वामनदादा कर्डक गावोगाव, वस्त्यावस्त्यांमधून गात फिरले. त्यांना सरावाला बंगला नव्हता. वस्ती हीच त्यांची खोली होती. तिथे गाणं ऐकणारे लोक गाण्याचे मालकही होते. ते गाणं पाठ करायचे, पुढे न्यायचे. 'स्वदेसी' या मुंबईच्या हिप-हॉप गटाच्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये मला हेच ऐकू येतं. आरेच्या जंगलातल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर त्यात गातात. त्यांचा आवाज रॅपच्या मधे पेरलेला लोकसंगीताचा नमुना म्हणून येत नाही. गाण्याची जमीनच त्यांची आहे, आणि रॅपर तिच्यावर पाहुण्यासारखे अदबीने उभे आहेत. जंगल वाचवायला उभ्या राहिलेल्या माणसांच्या सोबतीने हे गाणं घडलंय, हे कुणी न सांगताही कळतं. त्याचीही खोली कुणी आकड्याला भाड्याने दिलेली नाही.

म्हणून 'लेबल नाही' याचं कौतुक आता पुरे. नव्या गाण्याला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. ते कुठे घडलं? त्याला किती वेळ मिळाला? तिथे आणखी कोण बसलं होतं? आणि त्या खोलीचं भाडं कोण भरतंय? शेवटचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. मुंबई-पुण्यात चार जणांना आठवड्यातून तीनदा आवाज करता येईल अशी जागा मिळवणं, हे गाणं लिहिण्याहून अवघड आहे. लाइक केल्याने ते भाडं निघत नाही. तिकीट काढून मैफिलीला गेल्याने थोडं निघतं. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी अल्बम विकत घेतला, तर बहुतांश पैसा कलाकाराकडे जातो, म्हणजे आणखी थोडं.

आणि जे काहीच खर्च न करता करता येतं, ते म्हणजे गाणं पूर्ण वाजू देणं. मराठीत 'खोली' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. गाण्याला पहिली मिळाली, तरच दुसरी येते. ती आली की नाही, हे मात्र ३० सेकंदांत कळत नाही.