परमुलखात रुजलेली फेरी : नाशिक परिसर आणि गोल्फची कला

एखादा समाज आपला मुलूख सोडून दूरदेशी वस्तीला गेला की त्याच्या सोबत भाषा, देवधर्म आणि स्वयंपाक यांच्या जोडीने त्याचे खेळही जातात, आणि खेळ म्हणजे नुसता विरंगुळा नसून अंगात मुरलेली एक कला असल्यामुळे ती परक्या हवापाण्यात टिकवण्यासाठी माणसे पुष्कळ यातायात करतात. परदेशी गेलेल्या मराठी मंडळींनी लेझीम, मल्लखांब किंवा ढोल-ताशा जपल्याचे कौतुक स्मरणिकांतून वरचेवर होते, आणि ते रास्तच आहे. परंतु त्याच न्यायाने परक्यांनी आपल्या भूमीवर येऊन जपलेल्या कलेकडेही पाहायला हवे. स्कॉटिश लोकांचा गोल्फ ही अशी कला असून, ती ज्या ठिकाणी रुजली त्यांत गोदाकाठच्या नाशिकचाही समावेश होतो, ही गोष्ट खुद्द नाशिककर रोज उच्चारतात आणि तरीही सहसा ध्यानात घेत नाहीत.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्या मध्ये वाळूच्या टेकाडांचा, खुरट्या गवताचा जो पट्टा असतो, ज्याला तेथे ‘लिंक्स’ म्हणतात, त्या नापीक जमिनीवर हा खेळ वाढला. एडिंबरोजवळच्या लीथ येथील खेळाडूंनी १७४४ साली त्याचे १३ नियम लिहून काढले, आणि सेंट अँड्र्यूज येथे १७६४ साली २२ होलांची फेरी १८ होलांवर आणण्यात आली, तीच पुढे जगभर प्रमाण ठरली. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात, व्यापारात आणि कारभारात स्कॉटिश माणसांचा भरणा मोठा होता. मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम हे तिघेही स्कॉटलंडचेच. त्यामुळे १८२९ साली कलकत्त्यात जो गोल्फ क्लब निघाला तो ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना क्लब ठरला, आणि १८४२ साली मुंबईतही क्लब उभा राहिला, यात नवल नाही. नवल वाटावे ते पुढच्या गोष्टीचे : मुंबईच्या या मंडळींनी अल्पावधीतच सेंट अँड्र्यूजच्या क्लबला बक्षिसादाखल एक रौप्यपदक धाडले, आणि त्याची स्पर्धा ‘बॉम्बे सिल्व्हर मेडल’ याच नावाने तेथे खेळली जाऊ लागली. परमुलखात जपलेल्या कलेने आपल्या मूळ पीठाला आहेर पाठवावा, असे प्रसंग कोणत्याही कलेच्या इतिहासात थोडेच असतात.

मुंबईच्या दमट किनाऱ्यावरून हा खेळ देशावर आला तो लष्करी छावण्या आणि लोहमार्ग यांच्या आधाराने. थळ घाटातून, म्हणजे आजच्या कसारा घाटातून, १८६५ साली आगगाडी सुरू झाली आणि समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरचे, कोरड्या आणि थंड हिवाळ्याचे नाशिक मुंबईच्या गोऱ्या अंमलदारांच्या व व्यापाऱ्यांच्या आटोक्यात आले. जवळच देवळालीची छावणी होतीच. त्र्यंबक रस्त्यालगतच्या ज्या मोकळ्या माळावर इंग्रजी अमदानीत गोल्फ खेळला जात असे, तो माळ नंतर शहराच्या पोटात आला, तेथे क्रिकेट सुरू झाले, रणजी करंडकाचे सामने झाले, राजकीय सभा झाल्या, कडेने पहाटे चालणाऱ्यांची वाट तयार झाली. गोल्फ मात्र गेला. तरीसुद्धा रिक्षावाल्यापासून वर्तमानपत्रापर्यंत सर्वांच्या तोंडी ‘गोल्फ क्लब मैदान’ हेच नाव राहिले. त्याच्यापासून फार लांब नसलेल्या शरणपूरच्या मिशन वस्तीतून, गुलामगिरीतून सोडवलेले काही आफ्रिकी तरुण १८६६ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश प्रवाशाबरोबर आफ्रिकेच्या मोहिमेवर गेले होते, हे विषयांतर होते खरे, पण नाशिकचा स्कॉटलंडशी आलेला संबंध केवळ खेळापुरता नव्हता एवढे त्यावरून दिसते.

गोल्फची एक फेरी म्हणजे नेमके काय, हे न खेळणाऱ्या वाचकासाठी सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक होलाची सुरुवात ‘टी’ नावाच्या सपाट चौथऱ्यावरून होते; तेथून निघून, कापलेल्या गवताच्या ‘फेअरवे’ नामक पट्ट्यावरून चेंडू पुढे नेत, अखेरीस ‘ग्रीन’ म्हणजे अत्यंत बारीक कातरलेल्या हिरवळीवरील १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळग्यात तो घालायचा असतो. वाटेत दोन्ही अंगांना न कापलेले गवत, म्हणजे ‘रफ’, आणि वाळूचे खड्डे, म्हणजे ‘बंकर’, मांडलेले असतात. अंतरानुसार प्रत्येक होलाला तीन, चार किंवा पाच फटके ठरलेले असतात, त्या आकड्याला ‘पार’ म्हणतात. एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’ आणि एक जास्त लागला तर ‘बोगी’. अठरा होलांची बेरीज बहुधा ७२ भरते, चालणे सहा-सात किलोमीटरांचे होते आणि चार तास सहज जातात. जवळ जास्तीत जास्त १४ काठ्या बाळगता येतात आणि हरवलेला चेंडू शोधायला आता तीन मिनिटेच मिळतात. या साऱ्यात पंच नसतो. गवतात पाय लागून चेंडू हलला तर ते खेळाडूनेच सांगायचे, आणि फटक्यांचा हिशेबही त्यानेच प्रामाणिकपणे द्यायचा, अशी रीत आहे.

ही सारी व्यवस्था ओल्या, गार, वाळूच्या किनाऱ्यासाठी घडलेली होती, आणि दख्खनच्या पठारावर तिच्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलटी पडली. पाऊस येतो तो चार महिन्यांत, पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबककडे धो धो आणि पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे हात आखडून. उरलेल्या आठ महिन्यांत मुरमाड माळ दगडासारखा टणक होतो. अशा माळावर पडलेला चेंडू थांबत नाही, उसळून दूरवर घरंगळत जातो, म्हणून तो जेथे पोहोचवायचा त्याच्या बराच अलीकडे टाकावा लागतो. काळ्या जमिनीत हाच चेंडू पावसाळ्यात चिखलात रुतून बसतो आणि उन्हाळ्यात भेगेत जाऊन पडतो. चेंडू पडेल तेथूनच खेळावा हे गोल्फचे मूळ तत्त्व असले, तरी वाईट जमिनीवरील चेंडू उचलून जवळच बऱ्या जागी ठेवण्याची मुभा स्थानिक नियमाने देता येते. खेळाचे शास्त्र आणि जागेची गरज यांच्यातील हा करार भारतातील खेळाडूंना चांगलाच उपयोगी पडला.

त्याहून मोठी अडचण ग्रीनची होती, कारण उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे वांधे असलेल्या मुलखात हिरवळ मखमलीसारखी राखणे परवडणारे नव्हते. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे ‘ब्राऊन’. बारीक वाळूत तेल मिसळून, ती दाबून, गोल व सपाट अंगण तयार करायचे, म्हणजे वाऱ्याने वाळू उडत नाही आणि सरीने वाहूनही जात नाही. खेळाडू येऊन गेला की पावलांच्या खुणा फळीने ओढून पुसायच्या आणि पुढच्याला कोरा पट द्यायचा. सारवलेल्या खळ्यावर हात फिरवणाऱ्या शेतकऱ्याला ही निगा परकी वाटणार नाही. ब्राऊनवर चेंडू गवताच्या कलाने वळत नाही, वाळूच्या ओलीनुसार मात्र त्याची गती पालटते, आणि म्हणून ‘पटिंग’, म्हणजे खळग्याजवळचा हलका, मोजून मारलेला फटका, येथे वेगळ्या तऱ्हेने शिकावा लागतो. हिरवळीवर वाढलेले खेळाडू ब्राऊनला दुय्यम मानतात. परंतु त्यांचे हे मत घाईचे आहे, कारण लिंक्स ही मुळात नापीक जमीन होती आणि जे आहे त्यावर खेळ बसवणे हाच तिचा धर्म होता, त्या अर्थाने ब्राऊन हेच स्कॉटिश परंपरेचे अधिक सच्चे वारस ठरतात.

गवताची गोष्टही अशीच मजेची आहे. भारतातील फेअरवेवर जे गवत सर्रास जोपासले जाते, ते म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा. ज्या हरळीच्या काशा खणून काढता काढता नाशिकच्या शेतकऱ्याच्या पिढ्या थकल्या, तिलाच खत घालून, पाणी देऊन वाढवणारे माळी त्याच परिसरात काम करतात.

माळ्यांप्रमाणेच या कलेचा खरा भार वाहिला तो कॅडींनी. कॅडी म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणारा, अंतर सांगणारा, योग्य काठी सुचवणारा सोबती. लाकडी टी-खुंटी १९२०च्या दशकात सर्वत्र रुळण्यापूर्वी चेंडू ठेवण्यासाठी ओल्या वाळूचा चिमूटभर उंचवटा करावा लागे आणि तो बहुधा कॅडीच करी. खेळाडूच्या फटक्याच्या सवयीनुसार त्याची उंची कमी-जास्त करण्यात कौशल्य असे. भारतात याखेरीज ‘आगेवाला’ नावाचा एक गडी पुढे धावे आणि चेंडू कोठे पडला ते हेरून ठेवी. साहेबाचा हात का चुकला हे साहेबाआधी या माणसांना कळत असणार. क्रिकेटमध्ये पुण्याचे बाळू पालवणकर गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता, तेथील इंग्रज फलंदाज जे. जी. ग्रेग यांना गोलंदाजी टाकत टाकत देशातील अव्वल फिरकी गोलंदाज झाले, तशीच वाट गोल्फमध्ये पुढे कॅडींसाठी उघडली : १९६४ साली सुरू झालेली इंडियन ओपन स्पर्धा १९६५ साली पी. जी. सेठी या हौशी भारतीय खेळाडूने जिंकली खरी, पण १९९१ साली ती जिंकणारे अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून काम केलेले होते, आणि १९९३ साली त्यांनी ती पुन्हा जिंकली.

या कौतुकाला दुसरी बाजू आहे आणि ती झाकणे योग्य होणार नाही. वसाहतीच्या काळातील क्लबांचे दार भारतीयांना बहुतेक ठिकाणी बंद होते. ज्या जमिनीवर खेळ चाले ती येथली, ती राखणारे हात येथले, फक्त खेळणारे परके होते. याच नाशिकमध्ये २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग चालू असताना अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांच्यासह ते फाशी गेले. आज गोल्फ क्लब मैदानाचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. एकाच जागेला साहेबाच्या करमणुकीचे आणि साहेबाच्या सत्तेविरुद्ध मरण पत्करणाऱ्या तरुणाचे अशी दोन्ही नावे लागावीत आणि ती शेजारी शेजारी नांदावीत, यात विसंगती शोधण्यापेक्षा शहराची स्मृती कशी थरांथरांनी साचते हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. पाण्याचा आक्षेप यापेक्षा कठीण आहे, कारण तो आजचा आहे : द्राक्षबागांना आणि गावांना पाण्याची ओढ असताना विस्तीर्ण हिरवळ भिजवायची, तर ती शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर भिजवावी, याला पर्याय दिसत नाही.

शहरातून उठलेला खेळ देवळालीच्या लष्करी परिसरात मात्र टिकला. तोफखान्याच्या या जुन्या ठाण्यात गोल्फचे मैदान आहे, आणि देशात अन्यत्रही छावण्यांनीच हा खेळ लहान गावांपर्यंत नेला व राखला, हे मान्य करावे लागते. येथे फेरी खेळणाऱ्यांत नवखे आणि मुरलेले एकत्र उतरू शकतात ते ‘हँडिकॅप’ या व्यवस्थेमुळे. खेळाडूच्या आधीच्या फेऱ्यांवरून त्याला किती फटक्यांची सूट द्यायची हे ठरते, आणि बेरजेतून ती सूट वजा करून हार-जीत काढतात, त्यामुळे ९० फटके लागलेला खेळाडू ७८ वाल्याला रीतसर हरवू शकतो. पूर्वी ही गणिते देशोदेशी निरनिराळी असत. २०२० पासून त्यांच्यासाठी एकच जागतिक पद्धत आली, आणि ज्या मैदानाची अवघडपणाची पातळी त्या पद्धतीने मोजून ठरवलेली आहे त्यावर झालेली फेरी, मग ते दख्खनच्या पठारावर असो की स्कॉटलंडमधील फाइफच्या किनाऱ्यावर, एकाच हिशेबात धरली जाते.