तंगडीवरचा पहिला नंबर
लॉरेल आणि हार्डी ही जोडी हॅल रोचच्या स्टुडिओत नुकती जमत होती, त्याच दिवसांत तिथं तयार झालेला ‘पास द ग्रेव्ही’ (१९२८) हा दोन रिळांचा मूकपट. त्यातल्या मॅक्स डेव्हिडसनचं नाव आज जुन्या पटांच्या शौकिनांपलीकडे कुणाच्या ओठी नाही. याची मला खरोखर हळहळ वाटते.

पटात डेव्हिडसन मॅक्स नावाचाच ज्यू बाप आहे. त्याच्या शेजारच्या शुल्ट्झचा कोंबडा ब्रिगहॅम स्पर्धेत पहिला आलेला. शुल्ट्झचा त्याच्यावर भारी जीव. शुल्ट्झच्या मुलाचं आणि मॅक्सच्या मुलीचं लग्न ठरतं, मॅक्स बापलेकांना जेवायला बोलावतो आणि कोंबडी आणायला आपल्या मुलाला, इग्नाट्झला, पैसे देतो. पोरगं पैसे खिशात घालतं आणि ब्रिगहॅमलाच कापतं. खमंग भाजलेला कोंबडा टेबलावर येतो तो तंगडीला ‘पहिलं बक्षीस’ची पट्टी मिरवत.

पट्टी आधी दिसते मुलांना. आता बापाला सावध करायचं, पण शुल्ट्झ समोरच बसलेला. मग सुरू होतात खुणा: पंखांची फडफड, अंडं घालणारी कोंबडी, मानेवरून फिरणारा हात. शुल्ट्झनं मान वळवली की सगळे पुन्हा साळसूद! मॅक्स कौतुकानं बघत राहतो, त्याला वाटतं पोरं करमणूक करताहेत.

इथं या पटाची खरी करामत आहे. मूकपटात आवाज कुणाचाच ऐकू येत नाही. तरी पात्रांचे ओठ हलतात, पाट्या येतात आणि ती बोलताहेत हे आपण धरून चालतो. या टेबलाशी मात्र बोलायचीच चोरी होते. त्यामुळे मूकपटातही गप्प बसणं वेगळं जाणवतं, अंगावर येतं. दिग्दर्शक फ्रेड गिओल आणि देखरेख करणारा लिओ मॅकॅरी घाई अजिबात करत नाहीत. एकच युक्ती ते ताणत नेतात, आणि दर खेपेला ती थोडी अधिक वेडी होते.

शेवटी मॅक्सच्या डोक्यात प्रकाश पडतो. डेव्हिडसनचा चेहरा तेव्हा बघावा. समाधानाचं हसू एका झटक्यात नाही, पायरीपायरीनं उतरतं.

ज्यू बापाचा हा ठरीव साचा आज खटकतो, खटकायलाच हवा. पण डेव्हिडसन त्या साच्यात एक घाबरलेला, प्रेमळ माणूस बसवतो. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना हा पट जरूर दाखवा. टेबलावरचं ते नाटक समजायला एकही पाटी वाचावी लागत नाही.