मेळा आणि पूल

स्वारगेटच्या चौकास व तेथील उड्डाणपुलास देशभक्त केशवराव जेधे यांचे नाव आहे. जेधे एके काळी रस्त्यावरच्या कलेमुळेही पुण्यात गाजले होते, हे त्या पुलावरून जाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल. अलीकडे भिंती व पुलांचे खांब रंगवून शेजारच्या समाजांत सलोखा साधण्याचे प्रयत्न होतात. त्यांचे मोल ठरविताना पुण्याच्या मेळ्यांचा इतिहास आम्हांस उद्‌बोधक वाटतो.

मेळा म्हणजे गणेशोत्सवात पदे म्हणत, संवाद करीत फिरणारे मुलांचे व तरुणांचे पथक. ज्याला कान असतील तो त्याचा श्रोता. या अर्थाने ही खरी सार्वजनिक कला. परंतु सार्वजनिक कला जोडतेच असे नाही. १८९३पूर्वी पुण्यातील अनेक हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने सामील होत. त्या वर्षी मुंबईत दंगल झाली आणि १८९४च्या उत्सवात काही मेळ्यांनी हिंदूंना ताबुतांपासून दूर राहण्याचे पदांतून आवाहन केले. पिढ्यांचा शेजार तोडण्यास गाण्यांनीच हातभार लावला.

पुढे १९२२च्या सुमारास जेधे व दिनकरराव जवळकर यांचा छत्रपती मेळा पुढे आला. आजवर ज्यांना केवळ ऐकून घ्यावे लागे, ते ब्राह्मणी वर्चस्वाला भर रस्त्यात जाब विचारू लागले, हे त्याचे मोठे श्रेय. त्याच्या जहाल उपहासाने समोरच्यांची मने दुखावली, ही त्याची मर्यादा. १९३०च्या सुमारास जेधे काँग्रेसमध्ये आले आणि काकासाहेब गाडगीळांबरोबर त्यांनी खांद्याला खांदा लावून काम केले. हा सलोखा पदांनी नव्हे, सहकार्याने घडला. तथापि मेळ्याने आधी प्रश्न विचारला नसता, तर ती मैत्री बरोबरीची झाली असती काय? आम्हांस शंका वाटते.

म्हणून रंगविलेल्या भिंतीसमोर उभे राहताना केवळ रंगसंगती पाहू नये. त्या भिंतीलगत राहणाऱ्यांना आधी विचारले होते काय? त्यांचे दुःख चित्रात आले, की त्यावर रंग चढविला गेला? ज्याच्याविषयी चित्र बोलते, तो शेजारी ते पाहण्यास थांबतो काय? नाताळात आपल्या वाड्यांतून उभे राहणारे गव्हाणीचे देखावेही याच कसोटीस लावावेत. यंदा गोठा उभारण्यापूर्वीच, त्याच्या मांडणीविषयी शेजाऱ्यांशी बोलून पाहावे, एवढीच आमची वाचक कुटुंबांस विनंती आहे.