हिशेब पक्का, आकडे कच्चे

चाकणच्या वाहन कारखान्याकडून सुट्या भागांच्या खोक्यांची चौकशी आली की भोसरीतल्या पुरवठादाराला दर लगेच कळवावा लागतो. तिथे नुसता आकडा चालत नाही. कागद किती किलो, किलोचा भाव काय, प्लेट, छपाई, पंचिंग, पेस्टिंग, वाहतूक, नफा अशी सगळी फोड खरेदी विभागाला हवी असते. छपाईचा दर काढणाऱ्या सॉफ्टवेअरची खरी कसोटी इथेच लागते.

पुण्याजवळच्या या भोसरी-चाकण पट्ट्यातली छपाई कारखान्यांच्या आधाराने वाढली. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले, पुढे वाहनउद्योग फोफावला आणि 2009 साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. औषधांची कार्टन, बारकोडची लेबले, गाडीसोबतच्या माहितीपुस्तिका, कोरुगेटेड खोकी अशी कामे वाढत गेली. दर मात्र बराच काळ मालकाच्या डोक्यात आणि डायरीत राहिला. नंतर तो एक्सेलमध्ये गेला. लहान छापखान्यांचा कारभार अजूनही अशा एखाद्या फाइलवर चालतो, आणि ती बनवणारा माणूस नोकरी सोडून गेला की तिच्यातली सूत्रे कुणाला उलगडत नाहीत.

सॉफ्टवेअरने सर्वांत मोठी मदत केली ती मोजमापात. खोक्यांच्या नमुन्यांना फेफ्को या युरोपीय संघटनेने क्रमांक दिले आहेत. वर-खाली झाकपट्ट्या असलेले नेहमीचे खोके म्हणजे 0201. अशा नमुन्याचे 400 × 300 × 200 मिलिमीटरचे तीन प्लायचे खोके घेऊ. जोडपट्टीला 40 मिलिमीटर धरले आणि घडीची बारीक वाढ सोडली, तर उलगडलेला तुकडा 1440 × 500 मिलिमीटर, म्हणजे 0.72 चौरस मीटर भरतो. बाहेरचे दोन्ही कागद 150 जीएसएमचे (चौरस मीटरला 150 ग्रॅम), मधल्या थराची फ्लूट 120 ची. फ्लूट नागमोडी असल्याने तिला सपाट कागदाच्या साधारण 1.4 पट कागद लागतो. हा गुणक धरला तर खोक्याचे वजन 337 ग्रॅम, विसरला तर 302. पन्नास हजार खोक्यांच्या ऑर्डरीत ही चूक 1,700 किलोंच्या पुढे जाते. चांगले सॉफ्टवेअर गुणक विसरू देत नाही. 23 × 36 इंची शीटमध्ये कार्टनचे किती अप (नग) बसतील, कागदाच्या तंतूंची ग्रेन कुठल्या दिशेने जाईल, कापात किती वाया जाईल, हेही ते काही सेकंदांत मांडते. इथे तक्रारीला जागा नाही.

अडते ते यंत्राच्या ताशी दरापाशी. हा दर छापखान्याने स्वतःच्या खर्चातून काढायचा असतो, पण अनेकदा बाजारात ऐकलेला आकडाच भरला जातो. समजा, चार रंगी ऑफसेट यंत्राचा घसारा, व्याज, पगार, वीज आणि जागा मिळून वर्षाचा खर्च 48 लाख रुपये आहे. गुरुवारची साप्ताहिक सुट्टी आणि सणवार वगळून 300 दिवस, आठ-आठ तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे 4,800 तास. दर झाला ताशी 1,000 रुपये. पण प्लेटची वाट पाहणे, वीज जाणे, दुरुस्ती, काम नसणे यांत तिसरा हिस्सा गेला तर विकता येणारे तास 3,200 उरतात आणि दर 1,500 होतो. पहिल्या दराने कोटेशन दिले तर यंत्र चालेल त्या प्रत्येक तासाला 500 रुपये तोटा होतो. पडद्यावर मात्र नफ्याची टक्केवारी हिरवीच दिसत राहते.

वेस्टेजचेही तसेच. रंग जुळेपर्यंत 300 शीट जात असतील, तर 30,000 शीटच्या कामावर ते एक टक्का आणि 3,000 च्या कामावर दहा टक्के. गाड्यांची मॉडेल वाढली, लॉट लहान झाले, तरी सरसकट एकच टक्केवारी लावणारी प्रणाली लहान कामांत छापखान्याला खड्ड्यात घालते.

हायडेलबर्गचे प्रिनेक्ट, किंवा पूर्वी ईएफआयच्या आणि 2022 पासून ईप्रॉडक्टिव्हिटी सॉफ्टवेअरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पेस, मोनार्क या प्रणालींकडे यावर उत्तर आहे. सीआयपी4 संस्थेने वाढवलेल्या जेडीएफ या नोंदींच्या सामाईक स्वरूपामुळे छपाई यंत्र आणि कार्यालय यांच्यात नोंदींची देवाणघेवाण होऊ शकते: मेक-रेडीला, म्हणजे छपाईआधीच्या जुळवाजुळवीला, किती वेळ गेला, किती शीट वाया गेले. हे उत्तर योग्य आहे, पण ते नव्या यंत्रांना लागू पडते. जुने, दुसऱ्या हाताचे यंत्र घेऊन धंदा उभा करणाऱ्याला त्यातले फारसे काही मिळत नाही.

कराचा मुद्दाही दरात येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून कोरुगेटेड खोक्यांवर जीएसटी 5 टक्के आहे आणि ती ज्यापासून बनतात त्या क्राफ्ट कागदावर 18 टक्के. जादा भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो हाती येईपर्यंत खेळते भांडवल अडकते आणि त्यावर व्याज चढते. कर हा दराबाहेरचा विषय मानून बनवलेल्या अंदाजपत्रकात या व्याजाला रकानाच नसतो.

सर्वांत मोठी उणीव काम संपल्यावर दिसते. अंदाज एक्सेलमध्ये, बिल टॅलीत आणि जॉब कार्ड यंत्राशेजारच्या खिळ्याला, अशी स्थिती असेल तर अंदाजाची प्रत्यक्षाशी गाठ कधी पडणार? त्यासाठी महागडी प्रणाली लागत नाही. ऑपरेटरला मोबाइलवर मराठीत तीन नोंदी करता आल्या तरी पुरे: काम कधी लावले, कधी उतरवले, किती शीट वाया गेले. पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला मुद्रण अभियांत्रिकीच्या पदवीची परंपरा आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी भोसरी-चाकणच्या मोजक्या छापखान्यांत वर्षभर अशा नोंदी घेतल्या, तर मेक-रेडी आणि वेस्टेजचे या पट्ट्याचे स्वतःचे आकडे हाती येतील, आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना तेच आधी भरून द्यायला सांगता येईल.