रंगीत क्लिपांचा डीएनए : एका वर्गोपक्रमाची चिकित्सा
अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उत्क्रांती-अध्यापनविषयक पुस्तकातील एका उपक्रमात विद्यार्थी रंगीत क्लिपांच्या साखळ्या करून मानव, चिंपांझी व गोरिला यांच्या हिमोग्लोबिन जनुकातील २० बेस ताडून पाहतात. डीएनए हाताळण्याजोगा होतो, हे यश निर्विवाद होय, खर्चही नगण्य. परंतु समान पूर्वजाची साखळी काल्पनिक असून ती आयतीच पुरविली जाते. जे अनुमानाने गाठावयाचे, तेच गृहीत धरले जाते. शिवाय गोरिलाच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचानुसार सुमारे ३० टक्के भागांत मानव व चिंपांझी परस्परांचे निकटतम ठरत नाहीत, कारण पूर्वजसमूहातील जनुकीय वैविध्य तिन्ही शाखांत असमान उतरले. दुसऱ्या जनुकाच्या साखळ्यांतून निराळा वंशवृक्ष निघाल्यास त्याचे स्पष्टीकरण हा उपक्रम शिक्षकाच्या हाती देत नाही.